त्या एका डॉलरची पावती

प्रति,
जीन शेफर्ड यांच्या रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमाचे श्रोते,
न्यूयॉर्क, १९५७

सप्रेम नमस्कार.

वर्गणी घेतली की पावती फाडायची, हा आमच्याकडे गणपती मंडळापासून गावच्या वाचनालयापर्यंत पाळला जाणारा रिवाज. फेब्रुवारी १९५७मध्ये तुमच्यापैकी कित्येकांनी, कोणी एक डॉलर, कोणी थोडे जास्त, असे पैसे एका अनोळखी नटासाठी पाठवले. ते पुढे कुठे गेले, याचा हिशेब आणि आभार या पत्रात एकत्रच देतो आहोत. उशीर झालाय, याची कल्पना आहे.

नट म्हणजे जॉन कॅसाव्हेटिस, वय २७. शेफर्ड यांच्या कार्यक्रमात तो आला होता आपल्या ‘एज ऑफ द सिटी’ या नव्या चित्रपटाबद्दल बोलायला. बोलता बोलता गाडी भलत्याच रुळावर गेली. माणसांबद्दलचा चित्रपट हवा असेल तर माणसांनीच त्याला पैसे द्यावेत, असं तो म्हणून गेला, आणि तुम्ही ते शब्दशः घेतलंत. सुमारे २,००० डॉलर जमले. मॅनहॅटनमधल्या त्याच्या अभिनयवर्गात उत्स्फूर्त अभिनयाचा एक सराव चालला होता. त्यातून पुढे ‘शॅडोज’ हा चित्रपट उभा राहिला.

तेवढ्या पैशात काय होतं? डॉलर बाजूला ठेवून फुटांत मोजू. कॅमेरा १६ मिलिमीटरचा. या फिल्मच्या एका फुटात ४० चौकटी, म्हणजे सुटी चित्रं, मावतात, सेकंदाला २४ लागतात, म्हणजे मिनिटाला ३६ फूट. ४०० फुटांचं रीळ ११ मिनिटांत संपतं. दीड तासाचा चित्रपट दहास एक या प्रमाणात, म्हणजे पडद्यावरच्या एका मिनिटासाठी दहा मिनिटं, चित्रित केला, तर ८१ रिळं लागतात. वर ती धुण्याचा आणि संकलनासाठी कामाची प्रत काढण्याचा खर्च वेगळा. नट ओळी स्वतःच रचत असतील तर दहास एक हे प्रमाणही पुरत नाही, कारण प्रत्येक टेक निराळा होतो आणि एकातला क्लोज (चेहऱ्याजवळून घेतलेलं चित्र) दुसऱ्यातल्या मास्टरशी (पूर्ण दृश्य दाखवणाऱ्या चित्राशी) जुळत नाही. ‘शॅडोज’चा एकूण खर्च ४०,००० डॉलरच्या आसपास गेला. म्हणजे तुमचा वाटा विसावा हिस्सा. तरी पहिला पैसा तुमचा होता, आणि पहिला पैसा मिळवणं सगळ्यांत अवघड असतं. चार रिळं दाखवायला हातात असली की पुढच्या माणसाकडे मागताना तोंड उघडतं.

आता जे बिघडलं तेही सांगायला हवं. वर्गणीदाराला तो हक्क आहे. घोळ आवाजाचा झाला. संवाद आधी लिहिलेले नव्हते आणि चित्रीकरणाच्या वेळी कोणी टिपूनही ठेवले नाहीत. ध्वनिमुद्रण खराब निघालं. पडद्यावर ओठ हलताहेत, पण नेमकं काय बोललं गेलं, हे बोलणाऱ्यालाही आठवत नाही! शेवटी ओठांवरून बोलणं ओळखणारी माणसं आणावी लागली, असं कॅसाव्हेटिस सांगत असे. आज लोकवर्गणीवर सिनेमा करणाऱ्यांनी यातून घ्यायची गोष्ट अगदी साधी आहे. टेक संपला की नट जागेवर असतानाच तेच संवाद कॅमेऱ्याशिवाय, नुसता आवाज म्हणून (‘वाइल्ड’) घ्यायचे. एका सहायकाला फक्त शब्द लिहायला बसवायचं. प्रत्येक जागेचा, कोणी न बोलता, पूर्ण एक मिनिट रूम टोन, म्हणजे त्या जागेचा स्वतःचा शांत आवाज, घ्यायचा. कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक यांचा वेग एकमेकांशी बांधलेला नसेल तर मिनिटाला एका चौकटीची चूकसुद्धा ११ मिनिटांच्या रिळाअखेर जवळपास अर्ध्या सेकंदावर जाते, आणि दोन-तीन चौकटींपासूनच बघणाऱ्याला काहीतरी खटकायला लागतं. चित्र थोडं हललं तर प्रेक्षक शैली म्हणून सोडून देतो. आवाजाला ती सवलत मिळत नाही.

१९५८च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या पॅरिस थिएटरात पहिली आवृत्ती मध्यरात्री फुकट दाखवली गेली. समीक्षक जोनास मेकस यांना ती फार आवडली. कॅसाव्हेटिसला मात्र आवडली नाही. १९५९मध्ये त्याने बरंच काही पुन्हा चित्रित केलं, आणि या वेळी दृश्यं लिहून. त्यामुळे शेवटी पडद्यावर येणारं ‘हा चित्रपट उत्स्फूर्त आहे’ या अर्थाचं वाक्य अर्धंच खरं आहे, हेही हिशेबात नोंदवतो. मेकस दुसऱ्या आवृत्तीवर नाराज झाले. आम्हाला दुसरीच उजवी वाटते, पण त्यावर भांडायला आम्ही केव्हाही तयार आहोत.

उरलेले पैसे कुठून आले, हे तुम्हाला बहुधा टीव्हीवर दिसलंच असेल. ‘जॉनी स्टॅकॅटो’ या मालिकेत कॅसाव्हेटिस पियानो वाजवणारा गुप्तहेर झाला, ते बरंचसं या चित्रपटाचं कर्ज फेडण्यासाठी. हाच त्याचा पुढचा धंदा ठरला. दुसऱ्यांच्या चित्रपटात चेहरा द्यायचा, मानधन घ्यायचं आणि ते स्वतःच्या चित्रपटात ओतायचं. त्याचा ‘फेसेस’ १९६५मध्ये सहा महिने, मुख्यतः घरातच चित्रित झाला. संकलनाला तीनेक वर्षं लागली, तेही गॅरेजमध्ये. त्या काळात ‘द डर्टी डझन’ आणि ‘रोझमेरीज बेबी’ यांतल्या भूमिकांनी घर आणि संकलनाचं टेबल दोन्ही चालवलं.

हा मार्ग वाटतो तितका सोपा नाही. नटाचं मानधन एकरकमी येतं, पण तारखा घेऊन जातं. ‘डर्टी डझन’साठी इंग्लंड गाठावं लागलं. दुसऱ्याच्या चित्रपटासाठी दाढी किंवा केस बदलले की स्वतःच्या चित्रपटातली कंटिन्युइटी, म्हणजे एका चित्राचा दुसऱ्याशी मेळ, तुटते. म्हणून असं चक्र चालवायचं असेल तर आपल्या स्वतःच्या भूमिकेची दृश्यं एका सलग पट्ट्यात उरकून घ्यावीत आणि बाहेरचं काम संकलनाच्या काळात घ्यावं. संकलन थांबू शकतं, लोकेशन थांबत नाही.

‘हजबंड्स’मध्ये (१९७०) तो बेन गझारा आणि पीटर फॉक या नटांच्या बरोबरीने स्वतः उभा राहिला. दिग्दर्शकाने आपल्याच चौकटीत शिरलं की काय होतं, यावर वेगळं पत्र लिहिता येईल. थोडक्यात एवढंच. आपल्या उंचीचा दुसरा माणूस उभा करून आधी चौकट, प्रकाश आणि फोकस पक्के करून घ्यायचे. ‘कट’ म्हणायचा अधिकार एकाच माणसाला, आणि खराखुरा, द्यायचा. नाहीतर सगळे दिग्दर्शकाच्या तोंडाकडे बघत राहतात आणि फिल्म वाहत जाते. आता टेक लगेच परत दाखवणारा मॉनिटर आहे, पण तीन मिनिटांचा प्रत्येक टेक परत बघितला तर दिवस निम्म्यावर येतो. म्हणून मास्टर बघावा, क्लोज विश्वासू डोळ्यांवर सोडावेत. स्वतःच्या क्लोजला लाजून दोनच टेक घेणं हा या जातीच्या दिग्दर्शकांचा जुना रोग आहे, आणि तो संकलनाच्या टेबलावरच कळतो. त्याहून चिवट दोष नजरेचा. समोरच्या नटाचं ऐकण्याऐवजी दिग्दर्शक त्याला मनातल्या मनात गुण देत असतो, आणि ते डोळ्यांत स्पष्ट दिसतं. उपाय एकच सापडतो: ज्या दृश्यात समोरच्याचं काम अवघड आहे, तिथे आपल्या पात्राच्या हाताला एखादं काम द्यायचं. कांदा चिरणं, बटण लावणं, काहीही.

१९७४च्या ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’साठी घर गहाण पडलं, फॉकने ५ लाख डॉलर घातले, आणि वितरक मिळेना तेव्हा चित्रपटगृहांना थेट फोन करून तो लावला गेला. नायिका आणि त्याची पत्नी जीना रोलंड्स आणि दिग्दर्शक कॅसाव्हेटिस, दोघांनाही ऑस्करचं नामांकन मिळालं. तुमच्या पाकिटांपासून इथवर १७ वर्षं.

जाता जाता आमच्याकडची एक खबर. १९७६मध्ये गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये देऊन श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ उभा केला. पटकथा आमच्या विजय तेंडुलकरांची. त्या चित्रपटाच्या सुरुवातीला सादरकर्ते म्हणून त्या शेतकऱ्यांचा उल्लेख येतो.

तुमचाही आला आहे. ‘शॅडोज’च्या श्रेयनामावलीत तो जीन शेफर्ड यांच्या ‘नाइट पीपल’ने, म्हणजे तुम्ही, सादर केल्याचं छापलेलं आहे. स्वतंत्र ओळ आहे. प्रत मिळाली तर बघून घ्यावी.

कळावे,
आपले कृतज्ञ,
वर्गणी मागून सिनेमा करणारे काही जण, महाराष्ट्र