तक्रार: सलग मैफलीत पडणारा खंड आणि गाळलेला ट्रॅक

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
संगीत स्ट्रीमिंग विभाग

विषय: वार्षिक प्रीमियम सबस्क्रिप्शनमधील 'गॅपलेस' सुविधा बंद होणे, डाउनलोडमधून ट्रॅक गळणे आणि तक्रार न सोडवता तिकीट (तक्रारीची नोंद) बंद करणे.

महोदय,

मी आपल्या अ‍ॅपचा प्रीमियम वर्गणीदार आहे. 'दोन ट्रॅकमध्ये खंड न पडता सलग ऐका' असे आपल्या योजनेच्या पानावर लिहिले होते आणि मुख्यतः त्या एका ओळीसाठी मी वर्षाचे पैसे आगाऊ भरले. मागच्या मोठ्या अपडेटनंतर ती सोय सेटिंगमधून गायब झाली. तशी सूचना आली नाही, पैसे परत आले नाहीत, आणि योजनेच्या पानावरची ती ओळ आजही जागच्या जागी आहे.

हे चॅटवर कळवले तेव्हा 'कॅशे क्लिअर करून अ‍ॅप पुन्हा इन्स्टॉल करा' असे उत्तर आले. केले. मग 'इंटरनेटचा स्पीड तपासा' आले. डाउनलोड केलेला अल्बम फ्लाइट मोडवर ऐकतोय, त्यात इंटरनेटचा काय संबंध, असे विचारल्यावर तिकिटापुढे 'रिझॉल्व्ड' असा शिक्का बसला. पुन्हा तिकीट उघडल्यावर एका प्रतिनिधीने लिहिले की अर्ध्या सेकंदाच्या गॅपने ऐकण्याच्या अनुभवात फारसा फरक पडत नाही. हे पत्र लांबले आहे ते त्या वाक्यामुळे.

मी ऐकतो ती मैफल ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडची. तारीख ८ मे १९७७, ठिकाण न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल. (त्या रात्री ऐन मे महिन्यात तिथे बर्फ पडला होता. वार रविवार असूनही शेवटचे गाणे शनिवारच्या रात्रीचे घेतले, हा त्यांचा नेहमीचा वात्रटपणा.) या बँडची गाणी मंचावर एकातून एक निघत. पहिले कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले हे वाजवणाऱ्यांनाही नेमके सांगता आले नसते. सीडीवर आणि आपल्या अ‍ॅपवर त्याचे वेगवेगळे ट्रॅक दिसतात ते केवळ शोधायला सोपे जावे म्हणून. ध्वनी सलग आहे.

दुसऱ्या सत्रातली 'स्कार्लेट बिगोनियाज' आणि 'फायर ऑन द माउंटन' ही जोडी घ्या. दोन्ही मिळून पंचवीस मिनिटांच्या आसपास. ही गाणी एकापाठोपाठ जोडून वाजवायला त्यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये सुरुवात केली होती, म्हणजे जोड अजून ताजा होता. पहिल्याचे शब्द संपतात, बँडची गायिका डोना जीन गॉडशॉ हिचा बिनशब्दांचा आवाज विरत जातो, खाली दोन ड्रमर चालूच असतात. फिल लेशचा बेस आणि जेरी गार्सियाची गिटार यांपैकी आधी कोण वळले ते मला इतकी वर्षे ऐकूनही ठरवता आलेले नाही. पण कधीतरी लक्षात येते की आपण दोनच कॉर्डवर डोलणाऱ्या 'फायर'मध्ये येऊन पोचलो आहोत. आपले अ‍ॅप बरोबर या वळणावर सिंबलचा नाद अर्ध्यात तोडते, पूर्ण शांतता करते आणि पुढचा ट्रॅक किंचित मोठ्या आवाजात सुरू करते. विलंबित संपून द्रुत धरताना तबलजीचा हात कोणी पकडावा, तसे होते.

तबलजीचा उल्लेख उगाच आलेला नाही. या बँडचा ड्रमर मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँकडे शिकला होता. झाकीरभाईंसोबत त्याने दिगा ऱ्हिदम बँड काढला, आणि त्यांच्या १९७६ च्या अल्बममधल्या 'हॅपिनेस इज ड्रमिंग' या वादनातून पुढे 'फायर ऑन द माउंटन' घडले. माहीमच्या मुलाचा हात लागलेली चीज आपण जिथून तोडता, तिथे ऐकणारा मराठी माणूस गप्प बसेल अशी अपेक्षा ठेवू नये.

आता तांत्रिक बाजू, कारण 'मूळ फाइलमध्येच गॅप आहे' हेही उत्तर मिळून झाले आहे. माझ्याकडे याच अल्बमची सीडी आहे. त्याच हेडफोनवर, त्याच लॅपटॉपवर ती खंड न पडता वाजते. गॅप कुठून येतो हेही गुपित नाही. एएसी या प्रकारची आकसलेली ध्वनिफाइल बनवताना ती बनवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे एन्कोडर, सुरुवातीला थोडी शांतता भरतो. २११२ सॅम्पल (ध्वनीचे सुटे नमुने) हा नेहमीचा आकडा, म्हणजे सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या हिशेबाने सेकंदाचा जेमतेम विसावा भाग. किती कापून टाकायचे याची नोंद फाइलसोबत ठेवता येते, प्लेअरने ती वाचायची असते. बाकीचा खंड पडतो तो पुढचा ट्रॅक वेळेत तयार न ठेवल्यामुळे. अपडेटपूर्वी आपले अ‍ॅप ही दोन्ही कामे बिनबोभाट करत होते.

आवाजाची पातळीही आपण ट्रॅकनिहाय सारखी करता. सुट्या गाण्यांच्या यादीला ते ठीक आहे. पण मैफलीत एखादे गाणे हळू आहे ते हळू असायलाच हवे. 'मॉर्निंग ड्यू' जवळजवळ कुजबुजत सुरू होते आणि शेवटी गार्सिया तारांवर असा काही तुटून पडतो की अंगावर काटा येतो. आधीच्या ट्रॅकमधून तिथे उतरताना जी शांतता जाणवायला हवी, ती आपले 'ऑटो व्हॉल्यूम' भरून काढते. संपूर्ण अल्बमची पातळी एकत्र मोजण्याची पद्धत अस्तित्वात आहे. ती वापरावी.

सर्वांत कहर डाउनलोडचा. या मैफलीत 'सेंट स्टीफन' दोनदा येते. मध्ये 'नॉट फेड अवे' होते, मग बँड परत 'सेंट स्टीफन'वर येतो आणि तिथून 'मॉर्निंग ड्यू'मध्ये शिरतो. आपल्या अ‍ॅपने दुसऱ्या 'सेंट स्टीफन'ला डुप्लिकेट ठरवून डाउनलोडमधून काढून टाकले. नाव सारखे दिसले की कात्री! धृपद पुन्हा आले म्हणून उडवायचे, हा नियम लावला तर कीर्तनात काय उरेल?

ही मैफल आपल्यापर्यंत कशी आली तेही सांगतो. बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनिमुद्रकाने ती साउंडबोर्डवरून, म्हणजे मंचावरचे सगळे आवाज जिथे एकत्र येतात त्या यंत्रावरून, टेपवर घेतली. पुढे तिच्या टेप एका भाड्याच्या गोदामात अडकल्या, भाडे थकले आणि १९८६ मध्ये त्यांचा लिलाव झाला. अधिकृत प्रकाशन व्हायला २०१७ उजाडले. तेव्हा टेपच्या गतीतले बारीक हेलकावेसुद्धा प्लँजंट प्रोसेसेस या तंत्राने काढले गेले. मधल्या काळात हौशी लोकांनी ही मैफल कॅसेटवर उतरवून एकमेकांना दिली, बदल्यात फक्त कोरी कॅसेट आणि टपालखर्च. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. जोडगाण्यांच्या मध्येच बाजू संपू नये म्हणून ही माणसे आधी मिनिटांचा हिशेब मांडून बसत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीत हे मुद्रण घेतले त्यात त्या फुकट्या कारभाराचा वाटा मोठा आहे. आपण पैसे घेता.

माझी मागणी साधी आहे. गॅपलेसची सोय पूर्ववत करावी, आवाजाची पातळी अल्बमनिहाय ठेवण्याचा पर्याय द्यावा आणि दुसरे 'सेंट स्टीफन' जागेवर आणावे. अपडेटमध्ये हे बसत नसेल तर उरलेल्या मुदतीची रक्कम ज्या खात्यातून घेतली त्याच खात्यात परत करावी. कूपन, वाढीव महिना किंवा 'क्षमस्व' लिहिलेले व्हाउचर चालणार नाही. आणि योजनेच्या पानावरची ती ओळ तोवर खाली उतरवावी, म्हणजे आणखी कोणी फसणार नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ग्राहक आयोगाकडे जाईन. पैसे भरल्याची पावती, योजनेच्या पानाचा स्क्रीनशॉट, बंद केलेल्या तिकिटांची चॅट आणि त्या जोडाचे सीडीवरचे व अ‍ॅपवरचे काही सेकंदांचे मुद्रण सोबत जोडले आहे. ऐकणाऱ्याने कृपया हेडफोन लावावेत. उत्तर माणसाने लिहिलेले असावे.

आपला,
एक वर्गणीदार
ठाणे (पश्चिम)