आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र : माझी बोटं वाकेपर्यंत थांबू का?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांना,
सविनय नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. अठरा वर्षं ब्लाउज शिवून घर चालवलं. सहा वर्षांपूर्वी रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांधे सुजवून वाकवणारा संधिवात झाला. आता पेन धरवत नाही, म्हणून मी सांगतेय आणि मुलगी लिहितेय.

दिवाळीआधीच्या शिबिरात स्टेजवरून सांगितलं होतं की सांध्यांची महागडी इंजेक्शनं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतील. आधार, रेशनकार्ड, केसपेपर, सगळं लिहून घेतलं. परवा सोमवारी पहाटेच्या एस.टी.नं गेले, चार तास रांगेत उभी राहिले. खिडकीतून उत्तर आलं, "भरती झालात तर योजनेत बसतं. ओपीडीतलं इंजेक्शन बसत नाही." इंजेक्शन गार ठेवायला नेलेला बर्फाचा डबा रिकामाच परत आणला.

रोज सकाळी तासभर मी हात गरम पाण्यात धरून बसते, तेव्हा कुठं मूठ वळते. वेणी मुलगी घालते. मी शिंपीणबाई, आणि मला सुईत दोरा ओवता येत नाही!

या रोगावरच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आठवड्यातून एकदा घेते. रोग बोटांत, पण औषध फिरतं अंगभर. दुसऱ्या दिवशी मळमळ, केस गळतात, लिव्हर तपासत राहावं लागतं. औषध थेट सुजलेल्या सांध्यात उतरवण्यावर संशोधन चालू आहे, असं डॉक्टर म्हणाले. तिथल्या रक्तवाहिन्या पाझरतात, त्या वाटेनं औषधाचे अतिसूक्ष्म कण आत शिरून साठतात. मोहालीच्या सरकारी नॅनो संस्थेनं २०२० मध्ये झिंक ग्लुकोनेट हा जस्ताचा क्षार अशा कणांत भरून उंदरांवर गुण दाखवला. ते आमच्यापर्यंत येईल तेव्हा येवो. अडालिमुमॅब हे इंजेक्शन तर आजच आहे! सूज पेटवणारं टीएनएफ नावाचं प्रथिन ते धरून ठेवतं. त्याचं स्वस्त बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीचं औषध, जगात सगळ्यात आधी २०१४ मध्ये आपल्या देशात निघालं. अमेरिकेत असं बायोसिमिलर २०२३ मध्ये विकायला आलं. पंधरा दिवसांनी एक सुई. पदरचे पैसे घालून काही महिने घेतली, तेव्हा मी परत मशीनवर बसले होते. त्यापायी गंठण गहाण पडलं, ते अजून सुटलं नाही.

शास्त्रज्ञ औषध सांध्यापर्यंत न्यायला झटतायत, आणि तुम्हाला ते दवाखान्याच्या खिडकीपर्यंत नेता येत नाही? हजारात पाच जणांना हा रोग धरला, तर आमच्या तीन लाखांच्या तालुक्यात दीड हजार माणसं झाली. बहुतेक बायकाच. सभेच्या मांडवात बसवायला आमच्या बचतगटाला दारापर्यंत गाडी येते. माणूस खाटेवर पडल्याशिवाय, चिरल्याशिवाय तुमच्या कागदांना तो आजारी वाटतच नाही. सांधा वाचवायला पैसा नाही, मोडल्यावर मग ऑपरेशनचं बघू, ही कुठली रीत?

ओपीडीतली इंजेक्शनं योजनेत घ्या. जिल्ह्याच्या दवाखान्यात ती फ्रिजमध्ये ठेवा. आधी टीबीची तपासणी लागते, तीही तिथंच करा. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं वाकली आहेत, ती आता सरळ होणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलंय. डावा हात अजून चांगला आहे.

शिवणकाम करणारी एक रुग्ण