ऊसतोड मजुराची नाडी कोण मोजणार? सामाजिक न्यायमंत्र्यांना खुले पत्र

मा. सामाजिक न्यायमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात शारीरिक शिक्षण शिकवतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली सकाळी मैदानावर येतात. मुलांचं 1600 मीटर, मुलींचं 800 मीटर, मग 100 मीटर, गोळाफेक. धावणं संपलं की मी त्यांना मनगटावर बोट ठेवायला लावतो. नाडी किती लवकर खाली येते, ते बघून उद्याचा सराव ठरवतो. यातल्या बऱ्याच पोरांचे आईबाप दिवाळीच्या आगेमागे टोळीबरोबर कोल्हापूर-सांगलीकडे, नाहीतर कर्नाटकात जातात. पाच-सहा मिनिटं पळणाऱ्या पोराची नाडी आम्ही मोजतो. त्याची आई पहाटे अंधारात फडात उतरते, वाकून ऊस तोडते, मोळ्या बांधते आणि गाडी आली की त्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढते. तिची नाडी आजवर कोणी धरली?

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आपल्या खात्याकडे आहे. कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे 10 रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असं ठरलेलं आहे. त्या पैशातून फडातल्या श्रमाची शास्त्रीय मोजणी करा, एवढीच मागणी घेऊन हे पत्र लिहितो आहे.

हे शास्त्र नवं नाही. भारतीय कामगाराला दिवसभर किती श्रम झेपतात, यावरचा अभ्यास 1979 मध्येच प्रसिद्ध झाला आहे. माणसाच्या कमाल क्षमतेच्या 35 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नाडी मिनिटाला साधारण 110 राहील एवढंच काम आठ तासांसाठी योग्य, असा त्याचा निष्कर्ष. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली. ती हवीच होती. पण दर टनावर आहे आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. अशा वेळी क्षमतेच्या 35 टक्क्यांवर कोण थांबेल? मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत शरीर ओढायचं, हा फडावरचा नियम.

मोजायला महागडी यंत्रं लागत नाहीत. ल्युसिएन ब्रूहा या शरीरक्रियाशास्त्रज्ञाची पद्धत घड्याळावर चालते. काम थांबवून माणसाला बसवायचं. पहिल्या मिनिटाच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटातले ठोके मोजून दुप्पट करायचे, दुसऱ्या आणि तिसऱ्या मिनिटात पुन्हा तेच. पहिला आकडा 110 च्या आत आणि तिसऱ्यापर्यंत निदान 10 ने उतार, तर ताण साचत नाही असं समजायचं. हेच सकाळी, दुपारी, संध्याकाळी करायचं. काम तेच असून दुपारचा आकडा चढत असेल, तर ऊन आणि घाम हृदयाकडून वसुली करत आहेत. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घामाने अंगातलं पाणी घटतं, मग तेवढंच काम करायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात.

दुसरं साधन वजनकाटा, 100 ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा. कामाआधी आणि कामानंतर वजन घ्यायचं, मध्ये प्यायलेलं पाणी हिशेबात धरायचं. पन्नास किलोच्या बाईचं वजन दिवसात किलोभर उतरलं, तर वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं. बाया मुद्दाम पाणी कमी पितात, कारण फडात आडोसा नसतो. हे सगळ्यांना माहीत आहे, पण आकडा समोर नसला की ते बायकांचं रडगाणं ठरतं. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे समितीपुढे बीडमधल्या तेरा हजारांवर बायकांची गर्भाशयं काढल्याचं आलं, तेव्हा कुठे राज्य हललं. तेव्हाही आपण शस्त्रक्रिया मोजल्या. त्याआधीच्या श्रमाचं माप आजही घेत नाही.

तिसरी गोष्ट उष्णतेची. हवामान खात्याचं तापमान सावलीतलं असतं. उभ्या उसात वारा लागत नाही, पाचट तापतं, पात्यांनी हात कापू नयेत म्हणून साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट असतो. म्हणून ऊन, दमटपणा आणि वारा एकत्र धरणारा निर्देशांक फडातच मोजायला हवा, निदान मार्च-एप्रिलमध्ये तरी. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरमध्ये ऊसतोड कामगारांच्या मूत्रपिंडाच्या आजारामुळे 2014-15 च्या हंगामात पाणी, विश्रांती आणि फिरती सावली देऊन पाहिली. तोडणी घटली नाही. आपल्याकडे निदान काही टोळ्यांचं रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड नीट चालतं का ते सांगणारा घटक, हंगामाच्या आधी आणि नंतर तपासायला काय हरकत आहे? माणसं आपल्याकडेच आहेत. सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक शरीरक्रियाशास्त्राचं काम चालतं, अहमदाबादेत राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे. नाडी आणि वजन आशाताई घेऊ शकतील, पण त्याचा वेगळा मोबदला देऊनच. फुकटची कामं त्यांच्याकडे आधीच ढीगभर आहेत.

एक भीती मात्र आहे, आणि ती खरी आहे. मोजणीचे आकडे मुकादमाच्या हाती पडले, तर ‘हा कोयता कच्चा आहे’ म्हणून त्या जोडप्याची उचल कमी होईल; नवरा-बायकोच्या जोडीला फडावर कोयता म्हणतात. क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजाने किती चेंडू टाकले याची नोंद त्याला जपण्यासाठी ठेवतात. इथे तीच नोंद मजुराला गाळायला वापरली जाऊ शकते. म्हणून नाव असलेली नोंद फक्त मजुराकडे आणि डॉक्टरकडे राहावी. कारखान्याला आणि महामंडळाला टोळीची सरासरी पुरे. मोजणीसाठी काम थांबेल, त्या वेळेची मजुरी महामंडळाने भरावी. नाहीतर कोणीही तीन मिनिटं बसणार नाही, आणि बसू नये.

गाळप सुरू व्हायच्या आत निदान एका साखर पट्ट्यात ही मोजणी ठरवावी. रात्री-अपरात्री येणाऱ्या गाड्या भरतानाचीही नोंद घ्यावी, कारण तोडणीपेक्षा भरणी जड जाते असं टोळीतली माणसं सांगतात. माझ्या मैदानावरची काही पोरं सुट्टीत आईबापाकडे फडावर जातात. त्यांना नाडी मोजता येते. आपल्या खात्याने पत्र दिलं, तर कामाला लागायला ती तयार आहेत.

आपला,
एक शारीरिक शिक्षण शिक्षक,
जि. बीड

प्रत : मा. कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य