आईच्या ऑपरेशनला मी होकार दिलाय

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी आईला इथे पुण्यात ॲडमिट करायचं ठरवलंय. दोन दिवस तपासण्या, मग गुरुवारी हृदयाच्या झडपांचं ऑपरेशन. डॉक्टरांना मी हो सांगून टाकलं. फोनवर बोलले असते तर बाबा, तुम्ही "बघू" म्हणाला असतात आणि आईने विषय बदलून माझ्या डब्याची चौकशी केली असती. म्हणून हे पत्र. दोघांनी एकत्र बसून वाचा. आईचा चष्मा देवघरात असेल, बघा.

तुम्हाला न विचारता ठरवलं, हे तुम्हाला लागणार. पण तुमच्या हिशेबात आधी भातकापणी, मग दिवाळी, मग दादा येणार म्हणून डिसेंबर, मग "आता आंबा झाला की बघू". मला ते वेळापत्रक तोंडपाठ आहे. यंदाची कापणी धाकटे काका बघतील. त्यांच्याशी बोलणं झालंय आणि त्यांनी आनंदाने हो म्हटलंय. त्यामुळे ते कारण संपलं.

गणपतीत मी आईची वेणी घालत होते ना, तेव्हा ओटीवरच्या उजेडात तिच्या मानेतली शीर कानाच्या पाळीपर्यंत उडताना दिसली. नुसती बसली होती, काही काम करत नव्हती. रात्री पाय चेपायला घेतले तर नडगीवर अंगठा दाबला तिथे खळगा पडला आणि बराच वेळ भरून आला नाही. जोडवी साबण लावून काढली होती म्हणे, ते मला काकूकडून कळलं. दोन घास खाल्ले की पोट भरतं, परकराची नाडी काचते, जिन्याच्या चार पायऱ्यांत दम लागतो, हे सगळं आई "वय झालं" या एका खात्यावर टाकते. आणि बाबा, तुम्ही वाताची सूज म्हणून तेल चोळत होतात. चोळलंत ते प्रेमाने, पण तो वात नव्हे आणि वयही नव्हे.

डाव्या बाजूच्या झडपेची कहाणी तुम्हा दोघांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. परळचे ते दिवस, मावशीच्या बांगड्या, त्याबद्दल मी काही लिहीत नाही. तेव्हा फुग्याने उघडलेली झडप इतकी वर्षं टिकली, हेच पुष्कळ म्हणायचं. आता ती परत अरुंद झालीय. त्यामुळे फुप्फुसांत दाब वाढला, त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदयाची उजवी बाजू फुगली. त्यात ठोके अनियमित झाल्यापासून वरचा कप्पाही ताणत गेला. या सगळ्याचा भार आला उजवीकडच्या झडपेवर. तिला ट्रायकस्पिड म्हणतात, तीन पाकळ्यांची झडप.

बाबा, आपल्या खाजणातली उघाडी आठवा. भरतीला दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. ज्या वर्षी बांध खचला आणि चौकट फाकली, त्या वर्षी दाराच्या फळ्या धडधाकट होत्या, तरी खारं पाणी भातात शिरलं, कारण दार चौकटीला पोचतच नव्हतं. आईच्या उजव्या झडपेचं नेमकं हेच झालंय. तिन्ही पाकळ्या बऱ्यापैकी आहेत, भोवतीचं कडं मोठं झालंय. इकोत ते ४४ मिलिमीटर आलंय. ४० च्या पुढे गेलं की डावीचं ऑपरेशन करतानाच हिचंही करून घ्यावं असा नियम आहे, आणि आईची गळती तर आधीच 'सिव्हिअर' लिहिलीय. पुढे जायचं रक्त मागे फिरतं आणि यकृतात, पोटात, पायांत तुंबतं. सूज आणि भूक मरणं, दोन्हींचं मूळ तेच.

लॅसिक्सच्या गोळ्यांनी सूज उतरते, म्हणून आईला वाटतं बरं वाटतंय की. गोळी पाणी काढते, कडं लहान करत नाही.

आता घाई का, ते सांगते. रिपोर्टमधली एक ओळ मी पाठ केलीय. उजवा कप्पा आकुंचन पावतो तेव्हा झडपेची कड किती सरकते ते मोजतात. १७ मिलिमीटरच्या खाली गेलं की कप्पा थकायला लागला असं समजतात. आईचं १८ आहे. म्हणजे अजून ताकद आहे, पण ऐसपैस वेळ नाही.

आई, तू जरा चहा टाक. बाबा, एवढा परिच्छेद मनातल्या मनात वाचा. पूर्वी डॉक्टर डावी झडप दुरुस्त करायचे आणि उजवी सोडून द्यायचे, दाब कमी झाला की ती आपली आपण सुधारेल या भरवशावर. बऱ्याच जणांची सुधारली नाही. मग काही वर्षांनी सूज, पोटात पाणी, यकृत-मूत्रपिंड दमलेली, आणि अशा अवस्थेत परत छाती उघडायची. नुसत्या या झडपेच्या ऑपरेशनचं नाव त्यामुळेच खराब झालं. अमेरिकेतल्या नोंदींत अशा शंभरांपैकी ८ ते १० रुग्ण हॉस्पिटलमधून घरी आले नाहीत. शस्त्रक्रिया फार अवघड म्हणून नव्हे, माणसं फार उशिरा पोचली म्हणून. आपल्याला तिथवर थांबायचं नाही. एकदाच उघडू, दोन्ही कामं उरकू. आईलाही जोखीम आहेच, ती नाही असं डॉक्टरांनी मला सांगितलं नाही आणि मी तुम्हाला सांगणार नाही. पण थांबण्याची जोखीम जास्त आहे.

झाला चहा? तर आई, तुझी डावी झडप बदलायची आणि उजवीला एक कडं शिवून तिला पूर्वीच्या मापावर आणायचं. ते कडं पूर्ण गोल नसतं, एका बाजूला उघडं ठेवतात, कारण तिथून हृदयाच्या ठोक्यांची तार जाते. इतकं जपूनही कधी ती तार दुखावते आणि पेसमेकर बसवावा लागतो. लागला तर लागला. आत्याचा पेसमेकर आणि आत्याचा आवाज, दोन्ही अजून ठणठणीत आहेत.

दादाने न्यू जर्सीहून लिंक पाठवलीय, ती तुम्हालाही आली असेल. मांडीच्या शिरेतून नळी घालून पाकळ्या चिमट्याने जोडतात, छाती उघडतच नाहीत. खरं आहे ते. तिथे २०२४ मध्ये अशा चिमट्याला आणि नळीतून बसवायच्या झडपेला, दोन्हींना परवानगी मिळाली. ३५० रुग्णांवरचा अभ्यास २०२३ मध्ये छापून आला होता. चिमटा लावलेल्यांची गळती खूप कमी झाली, त्यांना बरंही वाटलं, पण वर्षभरात मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. ज्यांना ऑपरेशन झेपणार नाही त्यांच्यासाठी मोठीच सोय आहे. आईचं तसं नाही. तिची डावी झडप आमवाताच्या तापाने कडक झालीय, ती बदलायला छाती उघडावीच लागणार. मग उजवीसाठी चिमटा कशाला? दादाला मी हे समजावलंय, तरी तो तुम्हाला फोन करून परत सांगेल. ऐकून घ्या. लांब आहे, त्याला काहीतरी करावंसं वाटतं.

एक निर्णय मात्र मी घेतलेला नाही, तो आईचा. डावीकडे बसवायची झडप दोन प्रकारची मिळते. एक धातूची. दुसरी ऊतीची, ती गाईच्या हृदयाच्या आवरणाची किंवा डुकराच्या झडपेची असते. हे तुला आयत्या वेळी तिथे कळावं असं मला वाटलं नाही. तुझ्या वयाला डॉक्टर साधारण ऊतीची सुचवतात, ती काही वर्षांनी झिजते. धातूची टिकते, पण तिला एसिट्रॉम, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, जन्मभर लागते, आणि अनियमित ठोक्यांमुळे ती गोळी तुला तशीही चालूच राहणार आहे. तुझ्या मनाला जे पटेल ते. देवाला विचार, बाबांना विचार, काकूला नको विचारूस.

पैशांचं. बाबा, खालचा तुकडा विकायचा नाही. पुन्हा काढू पण नका तो विषय. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मदत मिळते आणि झडपांची ऑपरेशनं त्यात बसतात. कागद मी दिलेत. रेशनकार्डावर आईचं नाव आणि आधारवरचं नाव वेगवेगळं छापलंय, ते तलाठ्यांपेक्षा मीच लवकर निस्तरते. उरलेलं दादा आणि मी बघू. मुलीचे पैसे कसे घ्यायचे हे मनात आणू नका. माझ्या कॉलेजच्या फीला गाय कोणी विकली होती, ते मला माहीत आहे.

राहण्याचंही तेच. मुलीकडे दोन-दोन महिने कसं राहायचं म्हणून तुम्ही कुढणार. छातीचं हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही. गावात विहीर आहे आणि आई आहे, म्हणजे ती उचलणारच. म्हणून इथे. लिफ्ट आहे. आतली खोली तुम्हाला रिकामी करून दिलीय, खिडकी पूर्वेची आहे. संडास कमोडचा आहे, बाजूला धरायला दांडा बसवून घेतलाय. तुमच्या जावयांनी बाबांसाठी रेडिओ आणलाय, सकाळच्या बातम्या अगदी गावच्यासारख्या लागतात. वर्तमानपत्र दारात येतं. उकड्या तांदळाची पेज मी शिकलेय, आईच्या तोडीची नाही पण पिण्याजोगी होते. तुळस कुंडीत आहे. नातीने आजीसाठी पत्त्यांचा नवा जोड आणून ठेवलाय आणि ती लबाडी करते, आधीच सांगून ठेवते.

आई, लहानपणी माझ्या घशात नुसतं खवखवलं तरी तू मला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात न्यायचीस. बाबा म्हणायचे, गुळण्या करायला लाव, उगाच एसटीचे पैसे. तू ऐकायची नाहीस. तुझ्या अकराव्या वर्षी घसा दुखला, कोणी लक्ष दिलं नाही, मग सांधे धरले आणि तो ताप हृदयात उतरला, हे मला फार उशिरा कळलं. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेऊन तू लंगडत यायचीस आणि येताना माझ्यासाठी बोरकूट आणायचीस. मला वाटायचं तू बोरकूट आणायलाच जातेस. आमच्या दोघांच्या झडपा तू राखल्यास. आता तुझं मला बघू दे, माझे आई.

आता हुकूम. बाबा, हे फ्रिजवर चिकटवा.

रोज सकाळी तोंड धुऊन, चहाच्या आधी आईचं वजन करायचं आणि वहीत लिहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर मला लगेच फोन, रात्र असली तरी. मीठ कमी म्हणजे आमटीत चिमूट कमी असं नव्हे. कैरीचं लोणचं, सांडगी मिरची, पापड आणि खारा बांगडा, सगळं बंद. बांगड्याचा डबा काकूकडे पोचता करा, घरात राहिला तर आई चाखणार. बाजारात 'कमी सोडियमचं' मीठ मिळतं ते आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि आईच्या दुसऱ्या गोळीनेही पोटॅशियम वाढतं. त्याच कारणाने रोजचं शहाळं नको. कोणी प्रेमाने पाडून दिलं तर बाबांनी प्यावं.

लॅसिक्स सकाळीच, म्हणजे रात्री उठायला नको. दिवसाचं पाणी दीड लिटर, चहा, पेज आणि ताक धरून. एसिट्रॉम आपल्या मनाने बंद करायची नाही, ऑपरेशनआधी कधी थांबवायची ते डॉक्टर सांगतील. रक्ताचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा, २ ते ३ मध्ये राहायला हवा, पालेभाजी रोज साधारण सारखीच खा, एकदम माठाची जुडी नको. रक्त न तपासता घेता येते ती नवी गोळी का नाही, असं बाबा विचारत होतात. आमवाताने अरुंद झालेल्या झडपेला जुनीच जास्त चांगली ठरलीय, २०२२ चा मोठा अभ्यास आहे. गुडघ्यासाठी दुकानातून दुखण्याची गोळी आणायची नाही, त्याने सूजही वाढते आणि रक्तस्रावही. खालच्या वाडीतला काढा तर मुळीच नाही.

आणि आईची ती किडलेली दाढ. झडप बसवायच्या आधी दात स्वच्छ हवेत, नाहीतर तिथले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसतात. आयएनआरची चिठ्ठी घेऊन या आठवड्यातच दंतवैद्याकडे जा, आणि एसिट्रॉम चालू आहे हे खुर्चीत बसायच्या आधी सांगा. दाढेला आई घाबरते, छाती उघडायला नाही घाबरणार. तिच्यासोबत आत जा बाबा, बाहेर पेपर वाचत बसू नका.

शनिवारी रात्री फोन करते. वजनाची वही जवळ ठेवा, आणि फोन आईकडेच द्या.

तुमची
बाय