सावलीसाठी लावलेल्या झाडांना मे महिन्यात पानं नव्हती: लेखी उत्तर हवं

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे.

विषय: मुरार, ग्वाल्हेर येथील 'सावली योजना'. चुकीची झाडं, चुकीच्या दिशेला, चुकीच्या हंगामात लावल्याबद्दल.

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेतल्या मुलाने माझी तक्रार 'निकाली' काढली. फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसले. झाडांचा धंदा तुमचा आहे. गुलमोहराला पानं कधी असतात आणि कधी नसतात, हे मी तुम्हाला सांगायची गरज पडायला नको होती.

गेल्या वर्षी मार्चअखेर तुम्ही आमच्या अंगणात पश्चिमेला तीन तयार गुलमोहर आणि दक्षिणेच्या भिंतीलगत कोनोकार्पस या परदेशी, सदाहरित झाडाची रांग लावलीत. बिल ७८,५०० रुपयांचं, सगळे पैसे आगाऊ. सर्वेक्षणाला आलेल्या तुमच्या माणसाला मी काय हवंय ते जागेवर उभं राहून दाखवलं होतं. एप्रिल ते जून, दुपारी तीनपासून सूर्य बुडेपर्यंत, पश्चिमेच्या खोलीच्या भिंतीवर आणि पुढच्या फरशीवर सावली. त्या खोलीत माझ्या सासूबाई असतात, वय शहाऐंशी. भिंत दगडाची आहे. दिवसभर तापते आणि मध्यरात्र उलटून गेली तरी निवत नाही. मी कडुनिंब, करंज आणि शिरीष अशी नावंसुद्धा घेतली होती. तो म्हणाला, "ही झाडं आता कोणी लावत नाही, आमच्या यादीत नाहीत." हे सांगायला आत येण्याआधी त्याने आपली मोटारसायकल आमच्या गल्लीतल्या कडुनिंबाखाली, सावलीत उभी केली होती.

गुलमोहर फेब्रुवारी-मार्चपासून पानं टाकतो. इथल्या कोरड्या हवेत मे महिन्यात तो उघड्या फांद्यांवर फुलतो आणि दाट पानं यायला पाऊस जवळ यावा लागतो. फुलं सुंदर असतात, त्याबद्दल वाद नाही. पण आमच्याकडे ४५-४६ अंश तापमान आणि अंगावर येणारी लू, म्हणजे भाजणारा गरम वारा, जेव्हा असते, नेमकं तेव्हाच हे झाड बोडकं असतं. कडुनिंबाचीही पानं गळतात, पण मार्चमध्येच तांबूस पालवी फुटते आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत झाड भरतं. करंज एप्रिलमध्ये भरतो. शिरीष थंडीत रिकामा होतो, ऊन आत येऊ देतो आणि उन्हाळ्यात पुन्हा छत्री धरतो. या गावात सावलीची झाडं कोणती हे कुणी शोधून काढायला नको. हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी लोक ज्या चिंचेची पानं चघळतात, तीसुद्धा सावलीचंच झाड आहे.

आता दक्षिणेच्या भिंतीचं. ग्वाल्हेर २६ अक्षांशावर आहे. जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, ८७ अंशांवर. त्या वेळी दक्षिणेच्या झाडाची सावली त्याच्या बुंध्याशीच पडते, घराला तिचा काही उपयोग नाही. डिसेंबरात मात्र तोच सूर्य दुपारी जेमतेम ४० अंशांवर असतो. तेव्हा बारा महिने हिरवी असणारी तुमची रांग आमचं थंडीतलं ऊन अडवते. इथे जानेवारीत दाट धुकं पडतं, रात्री पारा तीन-चार अंशांपर्यंत उतरतो. सासूबाईंची उन्हात बसायची जागा या हिवाळ्यात गेली. म्हणजे उन्हाळ्यात सावली नाही आणि थंडीत ऊन नाही. ही दिशा कोणी ठरवली, त्याचं नाव-पद मला लेखी कळवा.

आणि कोनोकार्पसच का? गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, त्याआधी तेलंगणानेही. त्याची मुळं जमिनीखालचे पाइप, गटारं आणि केबलींना इजा करतात, परागकणांनी सर्दी-खोकला आणि दम्याचा त्रास होतो, अशी कारणं गुजरातच्या आदेशात दिली होती. तुम्ही ती रांग आमच्या पाण्याच्या टाकीपासून चार हातांवर लावलीत, बंदीची बातमी देशभर छापून आल्यानंतर.

आता आजचा फोन. मी सांगितलं, अख्खा मे गेला, गुलमोहरांना पानं नाहीत, खोली भट्टीसारखी तापते आहे.

तो म्हणाला, "काकू, तिकडे पाऊस सुरू झाला असेल ना आता?"

मी म्हटलं, हे ग्वाल्हेर आहे. तुमच्याकडे मेमध्ये वळीव येतो; आमच्याकडे पाऊस जूनअखेरीस येतो, कधी त्याहून उशिरा.

"मग पाऊस आला की पानं येतील. थोडा धीर धरा."

मी विचारलं, पाऊस आल्यावर मी सावलीचं काय करू?

यावर त्याने मला खोडाची साल नखाने खरवडून फोटो पाठवायला सांगितलं. दुपारी दोन वाजता, लू चालू असताना, मी डोक्याला पदर गुंडाळून बाहेर गेले, साल खरवडली, फोटो पाठवला. तो खुशीत म्हणाला, "आत हिरवं आहे काकू, म्हणजे झाड जिवंत आहे. तक्रार बंद करतो."

मी म्हटलं, झाड मेलंय असं मी म्हणतच नाही. सावली नाही असं म्हणते आहे.

तो म्हणाला, "गॅरंटी झाड जगण्याची आहे. सावलीची नाही."

मी बिल हातात घेऊन त्याला मथळा वाचून दाखवला: सावली योजना. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "काकू, आमच्याकडे हिरवी जाळी पण मिळते. तुम्हाला डिस्काउंटमध्ये देतो, पाठवू का?"

७८,५०० रुपये घेऊन झाल्यावर तुम्ही मला जाळी विकताय. शहाऐंशी वर्षांच्या बाईच्या खोलीसाठी मी झाडं मागितली होती. फोन ठेवून दोन मिनिटं झाली नाहीत तोच संदेश आला: आपल्या तक्रारीचे समाधान झाले आहे, कृपया रेटिंग द्या. समाधान कोणाचं झालं?

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला जे पढवलंत तेच तो बोलला. राग तुमच्यावर आहे.

लागवडीबद्दलही लिहून ठेवते. मार्चअखेरीला झाडं लावू नका, जुलैत पाऊस पडल्यावर लावा, असं मी म्हटलं होतं. उत्तर आलं की ऑफर ३१ मार्चला संपते. मोठ्या झाडाला तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा हवा. आमच्याकडे हातभर खाली मुरूम लागतो, म्हणून तर तो आणखीच हवा. तुमच्या माणसांनी पिशवी कशीबशी बसेल एवढंच खणलं. कोनोकार्पसचं एक झाड थंडीत वाळलं तेव्हा माळ्याने ते उपटलं. मुळं पिशवीच्या आकारात गोल गोल गुंडाळलेली तशीच होती, एकही बाहेर सरकलं नव्हतं. फोटो तुम्हाला तेव्हाच पाठवले. उत्तर आलं की पाणी कमी पडलं असेल. उन्हाळ्यात तिघरा धरणाचं पाणी नळाला एक दिवसाआड येतं तेव्हासुद्धा आम्ही पिण्याचं भरून झाल्यावर आधी ही झाडं भिजवली आहेत. आणि परत सांगते, मे महिन्यात त्यांना पानं नव्हती.

माझं माहेर पुण्याचं. तिथे आमच्या दारात तुमच्याकडून आणलेली बकुळ आहे, माझ्या वडिलांनी लावलेली. तिच्या भरवशावर मी इथल्या नर्सरीत न जाता तुमच्याकडे आले. पुण्यात चालणारी यादी ग्वाल्हेरला तशीच पाठवून द्याल, असं मला वाटलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

मला जाळी नको, कूपन नको. कोनोकार्पसची रांग मुळांसकट तुमच्या खर्चाने काढा. जुलैत, दोन चांगले पाऊस झाल्यावर, पश्चिमेला दोन कडुनिंब आणि वायव्येला एक शिरीष लावा, कारण जूनमध्ये सूर्य वायव्येकडे मावळतो. झाडं लहान असली तरी चालतील, मुळं सरळ असली पाहिजेत. खड्डे माझ्यासमोर मोजून खणा. हे जमत नसेल तर पूर्ण पैसे परत करा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि ग्वाल्हेरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, ती अजून संपलेली नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फीसुद्धा लागत नाही. बिल, सर्वेक्षणाचा कागद, मुळांचे फोटो आणि आज भर उन्हात काढलेला सालीचा फोटो, सगळं सोबत जोडलं आहे.

या विषयावर आता मला फोन करू नका. जे असेल ते लिहून कळवा.

आपली ग्राहक,
मुरार, ग्वाल्हेर