आधी मानशीचे दार बघा

महोदय,

खाजनातली, म्हणजे खाऱ्या नदीकाठी बांध घालून राखलेल्या सखल जमिनीतली, भातशेती पडीक का पडते, याची चर्चा सुरू झाली की मजूर, बियाणे आणि भाव हे तीन विषय हमखास निघतात. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेच्या, दाराचे नाव कुणी काढत नाही. गोव्यात सुमारे 18 हजार हेक्टर खाजन आहे आणि तिथले सरद (पावसाळी) पीक या लाकडी दारावर अवलंबून आहे.

दाराची रचना साधी आहे. भरतीचे पाणी बाहेरून रेटते तेव्हा ते आपोआप मिटते. ओहोटीला आतले पाणी ते ढकलून नदीत उतरते. पण फळी कुजली, बिजागरी झिजली किंवा उंबऱ्यात काटकी अडकली की दोन बोटे फट राहते. भरती दिवसातून दोनदा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात एवढ्या फटीतूनही पोंय (दाराच्या आतला पाण्याचा खोलगट भाग) भरते आणि खारे पाणी कुणग्यांत (भातखाचरांत) चढते.

भात कोवळेपणी आणि फुलोऱ्यात सर्वांत नाजूक असते. मातीची क्षारता 3 डेसीसायमन प्रति मीटरच्या (क्षारता मोजायचे एकक) पुढे गेली की साध्या जातींचे उत्पन्न पुढच्या प्रत्येक एककामागे साधारण 12 टक्के घटते. कोरगुट ही इथली पारंपरिक जात तग धरते. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने त्यातूनच निवडलेल्या गोवा धान 1 आणि 2 याही चांगल्या आहेत. तरीही या जातींना जमीन आधी धुऊन द्यावी लागतेच. जूनचा पहिला मोठा पाऊस कुणग्यात दोन दिवस अडवायचा, चिखल ढवळायचा, ओहोटीला पाणी सोडायचे. असे तीनदा केले की मगच मोड आलेले बी फेकायचे. दार गळत असेल तर हे सगळे एका उधाणात वाया जाते.

खताचेही तेच. युरिया दिल्यावर तीन-चार दिवस पाणी स्थिर राहिले नाही तर तो ओहोटीबरोबर नदीत जातो. कापणीयंत्राची अडचणही इथूनच सुरू होते. कापणीआधी दहा-बारा दिवस कुणगा निथळला नाही, तर पट्ट्याचे यंत्रसुद्धा रुतते. मालक यंत्र परत नेतो, पीक आडवे होते आणि ऑक्टोबरच्या पावसात लोंबीवरच मोड येतात. त्या वेळी आपण दोष पावसाला देतो.

दार गळते त्याला म्हातारपण हे एकच कारण नाही. मानशीतल्या मासळीची पावणी (लिलाव) होते. जाळे ओहोटीला, बाहेर जाणाऱ्या पाण्यात लावायचे, ही जुनी रीत. आता अनेक ठिकाणी मासळी आत यावी म्हणून भरतीलाच दार टेकू लावून उघडे ठेवतात. पावणी घेणाऱ्याचा फायदा एका रात्रीचा, कुळांचे नुकसान पूर्ण हंगामाचे.

बांधाच्या डागडुजीतही चुका होतात. कुर्ल्यांच्या बिळाचे तोंड वरून लिंपले की पाणी मागून वाट काढते. बीळ शेवटपर्यंत खणून चिकण माती आणि गवत थराथराने ठोकावे लागते. हे काम एप्रिल-मे महिन्यात, भांगेच्या, म्हणजे भरती कमी चढते त्या, दिवसांत करावे. मातीच्या बांधाला नुसती सिमेंटची भिंत चिकटवली तर सांध्यातच भेग पडते. पैसे मात्र अशाच कामांवर जास्त जातात.

हे सगळे जमले तर संधी मोठी आहे. 2025-26 साठी साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये आहे. तेच भात गावातच उकडून, कांडून लाल उकडे तांदूळ म्हणून विकले तर किलोमागे हाती जास्त पडते, कारण गोव्याच्या पेजेला हाच तांदूळ लागतो. मात्र त्यासाठी दाणा खारटलेला, मोड आलेला नको, आणि साठवण्याआधी ओल 14 टक्क्यांखाली यायला हवी.

म्हणून कूळ संघटनांना आणि कृषी खात्याला विनंती: पुढच्या पावणीच्या करारात भरतीला दार उघडे आढळल्यास अनामत जप्त करण्याची अट घाला. पावणीच्या पैशातून फळ्या आणि बिजागऱ्यांचा खर्च आधी वेगळा काढा. आणि मे संपण्यापूर्वी प्रत्येक दाराची एका उधाणात, कुळांच्या समक्ष तपासणी करा.

एक वाचक, तिसवाडी