ऑक्टोबरपासूनच्या रविवारांबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आईने ‘बरं’ म्हणून फोन बाबांकडे दिला असता आणि बाबांनी पुण्यात पाऊस आहे का ते विचारलं असतं. म्हणून लिहिते आहे. पॅराग्लायडिंग शिकायचे पैसे भरून झाले. ऑक्टोबरपासून महिन्यातले दोन रविवार मी कामशेतला असेन, नाशिकला नाही. पावसाळ्यात हे बंदच असतं, म्हणजे जून ते सप्टेंबर सगळे रविवार तुमचेच.

बापूकाकांच्या मोटारसायकलचं नाव काढू नका, ते वेगळं होतं. आणि ही उधळपट्टीही नाही. विमानाच्या खासगी लायसन्सला निदान 40 तास उडावं लागतं, तासाला दहा हजारांच्या पुढे. इथे इंजिन नाही, पेट्रोल नाही, डोक्यावर नुसता कापडी पंख. सगळं सामान पंधरा-वीस किलो, पाठीवरच्या पिशवीत मावतं. शिकताना तेही शाळेचंच. पुढे वापरलेलं घेईन, पण कापडातून हवा किती झिरपते याची यंत्रावर तपासणी करून, दोऱ्यांची लांबी मोजूनच. उन्हाने नायलॉन कुजतं, मागच्या दोऱ्या आखडतात आणि पंख मंदावतो. तीनेकशे तास उडालेला पंख स्वस्त मिळतो; तो कोणी फुकट दिला तरी घेणार नाही.

बाबा, तुम्हाला हे लगेच कळेल. पतंगाच्या दोऱ्याचं मंगळसूत्र चुकलं की तो गोते खातो, तसंच इथे दोऱ्यांचं. फक्त काड्या नाहीत. पंखाची पुढची तोंडं उघडी असतात, वारा भरला की कप्पे फुगतात आणि त्यानेच आकार येतो. हवेच्या झटक्याने कधी एखादी बाजू मिटते. मग अंग उघड्या बाजूला टाकायचं, त्या बाजूचा ब्रेक, म्हणजे हातातली दोरी, हलकेच ओढून दिशा धरायची आणि थांबायचं. शिकाऊंचा ए वर्गाचा पंख बहुतेकदा आपणहून उघडतो. घाबरून ब्रेक ओढत राहिलं तर चांगली बाजूही पडते. ढील कधी द्यायची, हे येवल्याच्या गच्चीवर तुम्हीच शिकवलंत ना?

वाऱ्याचं मात्र कडक आहे. पंखाचा स्वतःचा वेग ताशी 35 किलोमीटरच्या आसपास. समोरून 35 चा वारा आला की जागच्या जागी लटकायचं, आणखी वाढला की मागे, डोंगराच्या पाठीशी, जिथे हवा ताकासारखी घुसळते. म्हणून शिकाऊंना 15 च्या पुढे सोडत नाहीत. भर दुपारी ऊन तापून हवा उसळते, तेव्हाही नाही. नुसती वाट पाहत बसण्यातच निम्मा दिवस जातो, हे आईला बरं वाटावं म्हणून सांगते.

आई, तू उंचीला भितेस, पण पाय मोडतात ते जमिनीजवळ. उतरताना मीटरभर उंचीवर दोन्ही ब्रेक पूर्ण ओढायचे. पाच मीटरवर ओढले तर पंख थांबतो आणि माणूस धोंड्यासारखा खाली येतो. त्यामुळे आधी नुसतं मैदानावर पंख डोक्यावर धरून उभं राहायचं, मग छोटी टेकडी, कानाशी शिक्षकांचा वॉकीटॉकी. मांडीचे पट्टे सगळ्यात आधी लावायचे. ते विसरले तर उडाल्यावर माणूस हार्नेसमधून, म्हणजे बसायच्या पट्ट्यांच्या झोळीतून, खाली घसरतो. जादा पॅराशूट असतंच. ते वर्षातून एकदा तरी उघडून, हवा देऊन पुन्हा घडी घालावं लागतं. तुझ्या पैठणीसारखंच, घडी बदलली नाही तर दगा देते.

नाशिकलाच का नाही, हे विचाराल. ओझरचं विमानतळ, गांधीनगरची लष्करी हेलिकॉप्टरं आणि तुमच्या खिडकीची तावदानं हलवणाऱ्या देवळालीच्या तोफा, यांच्यामध्ये मी कुठे उडू?

आता ऐका. बीपीच्या गोळ्या वारांच्या डबीत पंधरा दिवसांच्या भरून ठेवीन, डबी रिकामी दिसली पाहिजे. कांदे-बटाटे आणि तांदूळ आदल्या खेपेला आणीन. बाबा, गंगेवरच्या बुधवारच्या बाजारातून ओझं उचलून आणायचं नाही, चार जुड्या पुरे. गॅसचं बुकिंग माझ्याकडे. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला घेतलेला नाही. यूट्यूबवर पॅराग्लायडिंगच्या अपघातांचे व्हिडिओ बघायचे नाहीत, दोघांनीही. उडायच्या दिवशी सकाळी मेसेज करीन, संध्याकाळी उतरल्यावर फोन. मधल्या वेळात फोन हार्नेसच्या खिशात बंद असेल, चारदा लावू नका.

आत्याला मी सांगेन. तुम्ही सांगितलंत तर ती रडेल.

संक्रांतीचे तीनही दिवस येवल्यातच, त्यात बदल नाही. मांज्याची आसारी माळ्यावर आहे, ती मी आल्यावर काढेन. बाबा, स्टुलावर चढायचं नाही.

तुमची,
चिमी